लॅक्स्टनचे नाव आणि त्याच्या शेतांची नावे : प्रकल्प नोंदी

१४ जुलै २०२४

गावाची निवड आज पक्की झाली. नॉटिंगहॅमशायरमधील लॅक्स्टन या खेड्याच्या नावाचा आणि तिथल्या शेतांच्या नावांचा अभ्यास करायचा आहे. निवडीमागचे कारण सुरुवातीलाच लिहून ठेवतो. इंग्लंडच्या बहुतेक खेड्यांत शेतांची जुनी नावे आता फक्त नकाशांत आणि दस्तऐवजांत सापडतात. साधारण १७५० ते १८५० या काळात संसदेने एकामागून एक कायदे करून गावोगावची मोकळी, सामाईक शेते मोडली, त्यांचे कुंपण घातलेले स्वतंत्र तुकडे पाडले, आणि ज्या अरुंद पट्ट्यांना व पट्ट्यांच्या गटांना पिढ्यान्‌पिढ्या नावे होती ते पट्टेच नाहीसे झाल्यामुळे त्यांच्या नावांना कोणी वाली उरला नाही. लॅक्स्टनमध्ये मात्र वेस्ट फील्ड, साउथ फील्ड आणि मिल फील्ड ही तीन मोठी शेते आजही कुंपणाविना, पट्ट्यापट्ट्यांनी कसली जातात आणि त्यांच्यावर गावाच्या स्वतःच्या न्यायसभेची देखरेख असते. म्हणजे इथे शेताचे नाव अजून रोजच्या कामात आहे. नाव आणि काम यांचा संबंध इतका उघड दिसणारी दुसरी जागा मला ठाऊक नाही.

कामाची पद्धतही आजच ठरवली. प्रत्येक नावाबाबत तीन गोष्टी पाहायच्या: सर्वांत जुन्या नोंदीतील लेखन, त्या जागेची प्रत्यक्ष जमीन, आणि ते नाव कोण कशासाठी वापरत असे. या तिन्ही गोष्टी एकमेकींशी जुळल्याशिवाय अर्थाच्या रकान्यात काही भरायचे नाही.

२१ जुलै २०२४

गावाच्या नावापासून सुरुवात केली. सर्वांत जुनी उपयुक्त नोंद १०८६ च्या डोम्सडे नोंदवहीतली आहे, जी विल्यम या नॉर्मन राजाने करमोजणीसाठी करवून घेतली होती. तिथे गावाचे नाव आजच्यापेक्षा एका अक्षराने लांब, ‘लॅक्सिंटून’ असे उच्चारता येईल अशा रूपात लिहिले आहे. नॉर्मनांच्या आधी हे गाव तोची नावाच्या जमीनदाराकडे होते आणि १०८६ मध्ये ते जेफ्री अल्सेलिन या नॉर्मन सरदाराकडे गेलेले दिसते. तोची हे स्कँडिनेव्हियन नाव आहे. त्याचा विचार पुढे शेतांच्या नावांत करावा लागेल.

जुनी रूपे गोळा करताना पहिली अडचण नावांच्या सारखेपणाची आली. इंग्लंडमध्ये लॅक्स्टन नावाची आणखी दोन गावे आहेत, एक नॉर्थॅम्प्टनशायरमध्ये आणि दुसरे पूर्व यॉर्कशायरमध्ये. मध्ययुगीन दस्तात नुसते ‘लॅक्सिंटन’ आले तर ते यांपैकी कोणते, हे जमीनमालकाच्या नावावरून, शेजारच्या गावांच्या उल्लेखावरून किंवा ज्या न्यायालयात दस्त झाला त्यावरून ठरवावे लागते. ज्या नोंदींचा असा निर्णय होत नाही त्या यादीत घ्यायच्या नाहीत, मग त्या कितीही जुन्या असोत. या कामात मोठा आधार इंग्लिश प्लेस-नेम सोसायटीचा आहे. १९२३ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने परगणावार खंड काढले आणि नॉटिंगहॅमशायरचा खंड १९४० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात प्रत्येक गावापुढे जुन्या लेखनांची वर्षवार यादी दिलेली असते, आणि अर्थ त्या यादीनंतर येतो. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण आजचे रूप पाहून अर्थ सांगू लागलो की चूक जवळजवळ अटळ असते.

नावाची फोड अशी होते: आरंभी एक व्यक्तिनाम, मध्ये ‘इंग’ हा जोडणारा प्रत्यय आणि शेवटी ‘टून’. जुन्या इंग्रजीत ‘टून’ म्हणजे आधी कुंपणातील जागा, मग वाडी, मग वसाहत किंवा जहागिरीचे गाव. पुढे त्याचाच ‘टाउन’ झाला, पण गावांच्या नावांत शहराचा अर्थ नाही. ‘इंग’ने व्यक्तीचा आणि जागेचा संबंध दाखवला जातो. त्यामुळे पूर्ण अर्थ ‘लेआक्सा नावाच्या माणसाशी जोडलेली वसाहत’ असा निघतो.

जवळच्या नॉटिंगहॅम शहराचे नाव शेजारी ठेवले की फरक स्पष्ट होतो. त्यात ‘इंगा’ हे अनेकवचनी षष्ठीचे रूप आणि ‘हाम’ हा वस्तीवाचक शब्द आहे. जुने नाव ‘स्नॉटिंगाहाम’, म्हणजे स्नॉट नावाच्या माणसाच्या लोकांचे गाव. सुरुवातीचा ‘स’ नॉर्मन फ्रेंच बोलणाऱ्यांच्या तोंडी गळला. तिथे माणसांचा समूह आहे, लॅक्स्टनमध्ये एक माणूस आणि त्याची जमीन आहे.

४ ऑगस्ट २०२४

‘लेआक्सा’ या व्यक्तिनामावर सगळा वेळ गेला. हे नाव धारण करणारा कोणी माणूस कोणत्याही स्वतंत्र कागदात भेटत नाही. ते गावांच्या नावांवरूनच सिद्ध केलेले आहे. तिन्ही लॅक्स्टन आणि सफोकमधील लॅक्सफील्ड यांच्या मुळाशी तेच नाव मानले जाते. अशा सिद्ध केलेल्या रूपांपुढे अभ्यासक तारांकन करतात आणि आमच्या यादीतही ते करायचे आहे, म्हणजे वाचणाऱ्याला पहिल्याच नजरेत कळेल की हा माणूस आपल्याला फक्त गावाच्या नावातून माहीत आहे.

दुसरा प्रश्न ‘अ’ आणि ‘ए’चा होता. अकराव्या शतकात ‘लॅक्सिंटून’ आणि तेराव्या शतकातल्या दस्तांत वारंवार ‘लेक्सिंटन’ असे का व्हावे? याचे उत्तर जुन्या इंग्रजीतील एका जोडस्वरात आहे. मेणाला तेव्हा ‘वेआक्स’ आणि जवसाच्या झाडाला ‘फ्लेआक्स’ म्हणत. मध्ययुगीन लेखनात त्यांची ‘वॅक्स’ आणि ‘वेक्स’, ‘फ्लॅक्स’ आणि ‘फ्लेक्स’ अशी दोन्ही रूपे प्रदेशानुसार सापडतात आणि आजच्या प्रमाण इंग्रजीत त्यांतील ‘अॅ’चे रूप टिकले आहे. आपल्या गावाच्या नावातही नेमका तोच जोडस्वर असल्यामुळे दोन्ही लेखने शेजारी शेजारी चालावीत हे स्वाभाविक आहे, आणि उलट बाजूने पाहिले तर ही दुहेरी लेखनेच मूळ व्यक्तिनामात तो जोडस्वर असल्याचा पुरावा ठरतात. मधले ‘इंग’ बोलण्यात झिजत गेले आणि ‘लॅक्सिंटन’चे ‘लॅक्स्टन’ झाले.

इथेच सॅमन माशाचा विषय निकालात काढायला हवा. जुन्या इंग्रजीत ‘लेआक्स’ आणि जुन्या नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियन लोकांच्या, भाषेत ‘लाक्स’ म्हणजे सॅमन, त्यामुळे नावाचा संबंध माशाशी लावण्याचा मोह सहज होतो. आयल ऑफ मॅनमधील लॅक्सी या गावाच्या बाबतीत तो अर्थ खराही आहे: तिथे नदी आहे आणि नावाचा अर्थ ‘सॅमनची नदी’ असाच आहे. पण आपले लॅक्स्टन चिकणमातीच्या उंचवट्यावर वसलेले आहे, सॅमन चढून येईल अशी नदी तिथे नाही, आणि नावातील ‘इंग’ हा प्रत्यय मुख्यतः माणसाच्या नावाला लागतो. जमीन आणि व्याकरण दोन्ही एकाच बाजूला उभे आहेत. एखाद्या माणसाला माशावरून टोपणनाव पडले असेल, हे शक्य आहे. तरी गावाचे नाव त्या माणसावरून आले, माशावरून आले नाही.

१८ ऑगस्ट २०२४

‘लेक्सिंटन’ हे रूप तेराव्या शतकात एवढे का दिसते, याला भाषेखेरीज एक कौटुंबिक कारणही आहे. या गावाचे नाव लावणारे चार भाऊ त्या काळात मोठ्या पदांना पोहोचले. रॉबर्ट हे राजाचे न्यायाधीश होते, जॉन यांच्याकडे काही काळ राजमुद्रा होती, हेन्री हे १२५४ ते १२५८ या काळात लिंकनचे बिशप होते, आणि स्टीफन सिस्टर्शियन संप्रदायात जाऊन फ्रान्समधील क्लेर्व्हो मठाचे मठाधिपती झाले. राजदरबाराच्या, चर्चच्या आणि न्यायालयाच्या कागदांत त्यांची नावे सतत येत असल्यामुळे गावाच्या नावाचे एक लेखन देशभर आणि देशाबाहेरही पोहोचले. गावाचे नाव आडनाव बनले की ते गावापासून सुटून स्वतंत्रपणे जगू लागते, आणि इथे तसेच झाले. गावात बोली भाषेने नाव आखूड करून ‘लॅक्स्टन’ केले, तर घराण्याने लांब रूप सांभाळले.

त्या घराण्याचा वारसा पुढे सटन कुटुंबाकडे गेला आणि सतराव्या शतकात त्या कुटुंबाला ‘लॉर्ड लेक्सिंटन’ ही पदवी मिळाली. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्समध्ये १७१३ मध्ये लेक्सिंग्टन हे नगर स्थापन झाले. ते नाव थेट गावावरून घेतले की त्या लॉर्डवरून, याविषयी दोन मते आहेत, पण लॉर्डची पदवीही शेवटी याच गावावरून आलेली असल्यामुळे दोन्ही वाटा इथेच पोहोचतात. १७७५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धाची पहिली चकमक त्या लेक्सिंग्टनमध्ये झाली, आणि केंटकीतील लेक्सिंग्टनला त्या लढाईवरून नाव दिले गेले. मूळ गाव मात्र काही शेतकरी कुटुंबांचे खेडेच राहिले. हा धागा इथेच थांबवतो, कारण आमचा विषय गावाच्या शिवारातला आहे.

८ सप्टेंबर २०२४

आता शेतांच्या नावांकडे. त्यांचा मुख्य आधार १६३५ चा नकाशा आहे. मार्क पिअर्स या मोजणीदाराने तो गावाचे तत्कालीन मालक सर विल्यम कोर्टन यांच्यासाठी काढला. तो चर्मपत्राच्या नऊ तुकड्यांवर आहे आणि सध्या ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. त्यावर मोकळ्या शेतांतील प्रत्येक पट्टा वेगळा रेखाटलेला आहे, आणि नकाशाला जोडलेल्या मोजणीच्या पुस्तकात तो पट्टा कोणाकडे आहे, किती आहे, हे क्रमांकाने लिहिलेले आहे. शिवाय नकाशाच्या पृष्ठावर नांगरणारे, कापणी करणारे, गाड्या हाकणारे लोक आणि हरणांची शिकार अशी छोटी चित्रे आहेत. ही चित्रे फार सुंदर आहेत, आणि ती पाहताना हे ध्यानात येते की मोजणीदार रिकाम्या जमिनीवर रेषा ओढत नव्हता. काम चालू असलेल्या शिवारातून तो फिरत होता आणि तिथे काम करणाऱ्यांनी सांगितलेली नावे लिहून घेत होता.

या शेवटच्या मुद्द्याला आमच्या कामात वजन आहे. डोम्सडे नोंदवहीत शेतांची नावे नाहीत. मठांना दिलेल्या दानपत्रांत ती बाराव्या-तेराव्या शतकांपासून तुरळक येतात, पण तिथे ज्या तुकड्याचे दान झाले तेवढ्याच तुकड्याचे नाव मिळते. संपूर्ण शिवाराची नावे एकाच वेळी, एकाच हाताने आणि जागेसह नोंदवलेली मिळणे ही फार मोठी गोष्ट आहे. बहुतेक गावांना यासाठी १८३६ च्या दशांशकर कायद्यानंतर काढलेल्या नकाशांवर अवलंबून राहावे लागते. ते नकाशे उपयुक्त आहेत, पण तोवर पुष्कळ ठिकाणी मोकळी शेते मोडून दोन-दोन पिढ्या झाल्या होत्या. लॅक्स्टनचा नकाशा त्यांच्या दोनशे वर्षे आधीचा आहे.

२२ सप्टेंबर २०२४

नकाशा काढून घेणाऱ्या कोर्टन यांच्याविषयी थोडे वाचले, आणि मराठी वाचकांसाठी एक खरा दुवा हाती लागला म्हणून तो नोंदवतो. कोर्टन हे लंडनचे व्यापारी. त्यांचे वडील फ्लँडर्समधून धार्मिक छळामुळे इंग्लंडला आले होते. १६२७ मध्ये बार्बाडोस बेटावर झालेल्या पहिल्या इंग्रज वसाहतीला त्यांनी पैसा पुरवला. ज्या वर्षी लॅक्स्टनचा नकाशा झाला त्याच १६३५ साली चार्ल्स राजाने त्यांच्या मंडळाला ईस्ट इंडिया कंपनीच्या मक्तेदारीला डावलून पूर्वेकडे व्यापार करण्याची परवानगी दिली. १६३६ मध्ये कोर्टन वारले, पण त्यांच्या मंडळाची जहाजे त्याच वर्षी जॉन वेडेल यांच्या हाताखाली गोव्याला पोहोचली, आणि पुढील काही वर्षांत त्यांच्या माणसांनी भटकळ, कारवार आणि राजापूर येथे वखारी घातल्या.

म्हणजे ज्या पैशातून राजापूरच्या खाडीत इंग्रज व्यापारी उतरले, त्याच पैशातून लॅक्स्टनच्या शेतातील पट्टे मोजले गेले. मालकाला आपल्या नव्या जहागिरीचे उत्पन्न लंडनमध्ये बसून कळावे हा मोजणीचा हेतू होता. शेतकऱ्यांची नावे टिकवण्याचा विचार त्यामागे नव्हता. तरीही ती टिकली ती याच कागदामुळे. नंतर गाव पिअरपाँट घराण्याकडे गेले, जे पुढे अर्ल मॅनव्हर्स झाले.

२९ सप्टेंबर २०२४

मोठ्या शेतांची नावे वरवर पाहता अगदी सरळ आहेत: पश्चिमेचे, दक्षिणेचे आणि चक्कीचे. १६३५ मध्ये यांच्या जोडीला एक लहानसे ईस्ट फील्डही होते, जे आता मोकळ्या शेतांत उरलेले नाही. दिशा गावातून पाहूनच ठरवलेल्या आहेत, म्हणून नावे देणारा गावाच्या मध्यावर उभा होता एवढे त्यांतून नक्की कळते.

मिल फील्डवर मात्र थोडे थांबावे लागले. गावाच्या आसपास पाणचक्की चालेल असा मोठा प्रवाह नाही. नाव पवनचक्कीवरूनच पडले असेल तर त्याला कालाची एक मर्यादा मिळते. इंग्लंडमध्ये पवनचक्कीच्या खात्रीच्या नोंदी ११८० च्या दशकापासून सुरू होतात. तेव्हा शेत त्याहून कितीही जुने असले तरी त्याचे हे नाव बाराव्या शतकाच्या अखेरीपूर्वीचे नसावे, आणि त्याआधी त्याला दुसरे काही नाव असले पाहिजे. साधे दिसणारे नावही आपले वय असे सांगून जाते, हे मला फार आवडले.

‘फील्ड’ या शब्दाचा जुना अर्थ आजच्या वाचकाला फसवणारा आहे. आज तो शब्द ऐकला की कुंपणातले एक शेत डोळ्यांपुढे येते. जुन्या इंग्रजीत ‘फेल्ड’ म्हणजे झाडी नसलेली मोकळी जमीन, आणि मोकळ्या शेतांच्या पद्धतीत ‘फील्ड’ म्हणजे शेकडो पट्ट्यांचा, एकाच वर्षी एकच पीक किंवा पड ठेवण्याचा विभाग. ‘एकर’ म्हणजे मुळात नांगरलेली जमीन. ‘फरलाँग’ म्हणजे लांब तास, नांगर एका दमात जितका जाईल तितका. पुढे फरलाँग २२० यार्डांचा, म्हणजे सुमारे २०१ मीटरांचा ठरला आणि त्याला २२ यार्ड रुंदी दिली की एक एकर भरतो. पण शेतात ‘फरलाँग’ हा शब्द मापासाठी नसून एकाच दिशेने नांगरलेल्या पट्ट्यांच्या गटासाठी वापरतात, आणि गावकऱ्यांची बारीक नावे या गटांना होती. पट्ट्याला नाव नव्हते, पट्ट्याला मालक होता; नाव गटाला होते. ही पायरी नीट लक्षात ठेवली तर यादीची मांडणी सोपी होते: वर शेत, त्याखाली गट, आणि गटाखाली नावाऐवजी खातेदार.

चार्ल्स आणि क्रिस्टाबेल ऑर्विन या दांपत्याने १९३८ मध्ये लॅक्स्टनच्या अभ्यासातून असे मांडले की पट्ट्यांचा आकार कोणी मोठ्या न्यायबुद्धीने आखून दिलेला नसून नांगराच्या कामातून आला आहे: एका दिवसात जेवढे नांगरून होई तेवढा तो पट्टा, आणि दोन पट्ट्यांच्या मध्ये गवताचा बांध नसून फक्त नांगराची सरी असे. त्यांच्या सगळ्या मतांशी पुढचे अभ्यासक सहमत झाले नाहीत. नावांच्या दृष्टीने पाहता मला मात्र त्यांचे म्हणणे पटते, कारण ‘एकर’, ‘फरलाँग’ हे शब्दही मालकीऐवजी नांगराच्या कामातूनच आलेले आहेत.

१३ ऑक्टोबर २०२४

स्कँडिनेव्हियन शब्दांची यादी आज पूर्ण केली. ८६७ मध्ये डेन लोकांच्या सैन्याने नॉटिंगहॅमला हिवाळी तळ ठोकला, आणि ८७७ नंतर या भागात डेन लोक वसले. नॉटिंगहॅम हे डेन सत्तेच्या पाच गढ्यांपैकी एक झाले, बाकीच्या चार डर्बी, लेस्टर, लिंकन आणि स्टॅमफर्ड. लॅक्स्टन ज्या तालुक्यासारख्या विभागात येत असे त्याला ‘वेपनटेक’ म्हणत, आणि हा शब्दच मुळी सभेत शस्त्र हाती घेऊन किंवा उंचावून संमती देण्याच्या नॉर्स प्रथेवरून आलेला आहे. शेजारचे ईकरिंग म्हणजे ‘ओक वृक्षांचे वर्तुळ’, हे पूर्णपणे नॉर्स नाव. कर्टन या दुसऱ्या शेजारी गावात ‘चर्च’ या अर्थाच्या शब्दाला ‘क’ चा उच्चार आला आहे, तो स्कँडिनेव्हियन जिभेचा आहे. लॅक्स्टनचे नाव स्वतः इंग्रजी राहिले, पण १०६६ पूर्वीचा त्याचा धनी तोची नॉर्स नावाचा होता.

शिवारातही हे शब्द भरपूर आहेत. ‘टॉफ्ट’ म्हणजे घराची जागा. लॅक्स्टनमध्ये सामाईक जमिनीवरचे हक्क अशा घराच्या जागेशी बांधलेले होते. ‘वाँग’ म्हणजे शेत किंवा कुरण, ‘गेट’ म्हणजे रस्ता, ‘होम’ म्हणजे पाणथळीतला उंचवटा. आणि सर्वांत महत्त्वाचा शब्द ‘साइक’. तो जुन्या इंग्रजीतही आहे आणि नॉर्समध्येही, अर्थ ओहोळ किंवा ओली खोलगट जागा. लॅक्स्टनमध्ये ‘साइक’ म्हणजे मोकळ्या शेतांच्या मधून जाणाऱ्या त्या ओल्या गवताळ पट्ट्या, जिथे नांगर चालवणे शक्य नाही.

एक सावधगिरी मात्र ठळक अक्षरांत लिहून ठेवली आहे. नॉर्स शब्द सापडला म्हणून ते नाव नवव्या शतकातील डेन शेतकऱ्याने दिले असे होत नाही. हे शब्द या भागातील सर्वसाधारण बोलीत मुरले आणि तेराव्या किंवा सोळाव्या शतकातला इंग्रज शेतकरीही ते आपलेच समजून नव्या तुकड्याला लावत असे. शब्दाचे मूळ एक, नावाचे वय दुसरे.

२७ ऑक्टोबर २०२४

आजचा दिवस फसव्या शब्दांसाठी ठेवला होता, आणि या सगळ्या कामातला हाच भाग मला सर्वांत जिवंत वाटतो. ‘डेल’ हा शब्द घ्या. तो ‘दरी’ असू शकतो, किंवा वाटणीत आलेला ‘हिस्सा’. कागदावर दोन्ही एकसारखे दिसतात. सपाट कुरणात ‘डेल’ आला तर तिथे दरी असणार नाही. तिथे गवताची वाटणी होत असे, असे समजावे. ‘गेट’ म्हणजे रस्ता, पण त्याच रूपात तो चराईच्या हक्कालाही वापरला जातो, आणि आधुनिक इंग्रजीत तर तो दरवाजा आहे. ‘इंग’ गावाच्या नावाच्या मध्ये असेल तर प्रत्यय, पण ओढ्याकाठच्या शेताच्या नावाच्या शेवटी असेल तर बहुधा नॉर्स शब्द, अर्थ कुरण. ‘बट्स’ ऐकताच लोकांना तिरंदाजीचा सराव आठवतो. क्वचित ते खरेही असते, परंतु मोकळ्या शेतांत ‘बट्स’ म्हणजे जागा अपुरी पडल्यामुळे आखूड राहिलेले पट्टे. ‘गोर’ म्हणजे दोन गटांच्या मधे उरलेला त्रिकोणी तुकडा. ‘ब्रेक’ म्हणजे नव्याने फोडलेली जमीन किंवा उतार, आणि इथे जमीन पाहिल्याशिवाय निर्णय करता येत नाही.

कुंपणबंदीनंतरच्या काळात इंग्लंडभर नावे देण्याची रीत बदलली, हेही तुलनेसाठी टिपले. तेव्हा दूरच्या शेताला ‘बॉटनी बे’ म्हणू लागले, कारण हद्दपारीची शिक्षा झालेले कैदी ऑस्ट्रेलियातील त्या नावाच्या दूरच्या उपसागराकडे पाठवले जाणार होते. कुठे ‘जिब्राल्टर’, कुठे ‘अमेरिका’ अशी नावे पडली. नापीक जमीन ‘हंग्री हिल’ झाली, अगदी चिमुकल्या तुकड्याला ‘हंड्रेड एकर्स’ म्हणून चिडवले गेले. चर्चमधील दिव्याच्या तेलासाठी किंवा घंटेच्या दोरासाठी ज्या जमिनीचे उत्पन्न लावून दिले होते, ती ‘लँप एकर’ किंवा ‘बेल रोप’ या नावाने ओळखली जाई. जुन्या मोकळ्या शेतांची नावे जमीन कशी आहे आणि तिथे काय करायचे हे सगळ्यांना सांगतात. ही नंतरची नावे एका मालकाने एका तुकड्याकडे पाहून दिलेली आहेत. सामाईक काम संपले की नावाचा स्वभावही बदलतो.

१० नोव्हेंबर २०२४

शिवारातून पायी फिरून आलो. पाऊस होऊन गेल्यामुळे चिकणमाती बुटांना जड लागत होती आणि या प्रदेशाला ‘क्ले’ का म्हणत हे वेगळे सांगावे लागले नाही: बॅसेटलॉ वेपनटेकच्या या भागाचे जुने नाव ‘साउथ क्ले’ असेच आहे. गावाच्या उत्तरेला नॉर्मन काळातील मातीच्या किल्ल्याचा उंच टेकाड आहे, तिथून जमिनीचा उतार नीट समजतो.

साइक प्रत्यक्ष पाहिल्यावर नकाशावरच्या हिरव्या रेघांचा अर्थ लागला. नांगरलेल्या, रंगाने काळपट तपकिरी शेतातून एक गवताळ खोलगट वाट वाकत जाते, आणि तिच्या काठावर नांगराने थांबावे लागते. इथे नाव आणि जमीन यांत तसूभरही अंतर नाही. न नांगरल्यामुळेच या पट्ट्यांत जुन्या कुरणातील फुलझाडे टिकून आहेत आणि त्यांना शास्त्रीय महत्त्वाची जागा म्हणून कायद्याचे संरक्षण आहे. साइकमधील गवताचा दरवर्षी लिलाव होतो. म्हणून ‘साइक’ हा शब्द इथे कोशातला नाही. त्याला दरवर्षी बोली लागते.

शेजारच्या कुंपणबंद, आता गवताखाली असलेल्या काही तुकड्यांत वरंबे आणि सऱ्यांचे जुने लाटेसारखे उंचसखल अजून दिसतात. सूर्य खाली असताना त्यांच्या सावल्या लांब पडतात आणि एखाद्या गटाची दिशा कुठे बदलते हे उघड होते. यादीतील ज्या नावांची जागा नकाशावरून पक्की होत नव्हती, त्यांपैकी काहींच्या बाबतीत ही दिशा मदतीला येईल.

१ डिसेंबर २०२४

नोव्हेंबरच्या अखेरीस लॅक्स्टनची ज्यूरी शेतात उतरते, त्याविषयी ही नोंद आहे. तीन शेतांचा फेरा तीन वर्षांचा असतो: एका वर्षी हिवाळी गहू, दुसऱ्या वर्षी वसंतातले पीक, तिसऱ्या वर्षी पड. ज्या शेतात त्या साली गहू पेरला असेल त्याची पाहणी ज्यूरी करते. शेतकरी असलेले बारा ज्यूरर आणि त्यांचा म्होरक्या ट्रॅक्टरला जोडलेल्या ट्रेलरवरून शेतात जातात, पट्ट्यांच्या हद्दीवर खुंट्या ठोकतात, आणि कोणी साइकमध्ये किंवा रस्त्यावर नांगर घातला असेल तर ते लिहून घेतात. मग डव्हकोट इन या गावातल्या पबमध्ये एकत्र जेवण होते. त्यानंतरच्या आठवड्यात तिथेच न्यायसभा, म्हणजे कोर्ट लीट, भरते, दोष असलेल्यांना लहानसा दंड होतो आणि पुढच्या वर्षीची ज्यूरी नेमली जाते.

आमच्या दृष्टीने या पाहणीचे महत्त्व पिकापुरते नाही. कोणाचा नांगर कुठे गेला हे म्होरक्याला सांगायचे असेल तर शेताचे, साइकचे, रस्त्याचे नाव घ्यावेच लागते. ऐकणाऱ्या बाराही जणांना ते नाव त्याच जागेसाठी ठाऊक असावे लागते, नाहीतर दंड टिकणार नाही. अशा रीतीने नावाचा अचूक वापर दरवर्षी तपासला जातो. १९७७ मध्ये संसदेने इंग्लंडमधील अशा जुन्या न्यायसभांचे कायदेशीर अधिकार काढून घेतले तेव्हा लॅक्स्टनचे अधिकार राखले गेले, त्यामुळे हा केवळ समारंभ राहिलेला नाही. शेकडो गावांत नावे विस्मरणात गेली त्याचे कारण लोकांची बेपर्वाई हे नव्हे असे माझे मत झाले आहे. ती नावे बरोबर घेण्याची गरजच उरली नव्हती.

८ डिसेंबर २०२४

मालकीचा तक्ता नावांच्या यादीला जोडला. मॅनव्हर्स घराण्याकडून १९५२ मध्ये कृषी मंत्रालयाने गाव विकत घेतले, मोकळी शेते टिकावीत हाच त्या खरेदीचा हेतू होता. १९८१ मध्ये ते राजसंपत्ती पाहणाऱ्या क्राउन इस्टेटकडे गेले आणि २०२० मध्ये थोर्स्बी इस्टेटकडे, म्हणजे मॅनव्हर्सांच्या वारसांकडेच परत आले. मालक बदलताना शेतांची नावे बदलली नाहीत, ही गोष्ट तक्त्यात एका नजरेत दिसते. विसाव्या शतकाच्या आरंभी मात्र पट्ट्यांची एकत्र जोडणी होऊन त्यांची संख्या घटली आणि पट्टे रुंद झाले. लहान गटांची जी नावे १६३५ मध्ये आहेत पण आज शेतात कोणी घेत नाही, त्यांतील बहुतेकांचा शेवट याच जोडणीत शोधावा लागेल असे दिसते.

यादीची अंतिम मांडणी अशी ठरली आहे. पहिल्या रकान्यात १६३५ चे लेखन, दुसऱ्यात त्याआधीची रूपे असल्यास ती वर्षासह, तिसऱ्यात जमिनीचे वर्णन, चौथ्यात शब्दघटक आणि पाचव्यात अर्थ. ‘डेल’, ‘गेट’, ‘ब्रेक’ यांसारख्या घटकांची जी नावे जमीन पाहूनही सुटली नाहीत, त्यांचा पाचवा रकाना कोरा राहील आणि दोन्ही शक्यता चौथ्यात लिहिल्या जातील. जानेवारीपासून कुंपणबंद तुकड्यांची नावे घेणार आहोत. त्यांची सुरुवात गावाला लागून असलेल्या घरामागच्या वाड्यांपासून करायची आहे, कारण टॉफ्टचे हक्क ज्या घरांना होते ती घरे आधी नकाशावर निश्चित झाली पाहिजेत.